उतरायचं कुठं?

परवा बार्शीहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना पुणं दाखवायचंय. तीन दिवस. सासूबाईपण येतायत. हॉटेल बघून ठेवशील? स्वस्त आणि सोयीचं."

बघते म्हटलं. फोन ठेवला आणि जरा वेळ तशीच बसून राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी हाच फोन आला असता, तर त्यात 'हॉटेल' हा शब्दच नसता. "शनिवारी येतोय," एवढंच सांगून तिनं फोन ठेवला असता. पुण्याला यायचं म्हणजे कुणाकडे तरी 'उतरायचं'. 'उतरणं' हे क्रियापद आपल्याकडे एसटीतून खाली येण्यापुरतं कधीच नव्हतं. "पुण्यात कुठं उतरता?" याचं उत्तर आत्याकडे, काकाकडे, गाववाल्याकडे, असंच असायचं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड असलं, तरी पोरं गॅलरीत झोपायची, पुरुष ओट्यावर. गाद्या कमी पडल्या की शेजारच्या बिऱ्हाडातून यायच्या.

आता वाडा गेला, ओटा गेला, गॅलरी गेली आणि गाद्या देणारं शेजारचं बिऱ्हाड बाणेरला गेलं. माझ्या दोन खोल्यांत पाच पाहुणे मावत नाहीत. याचं मला वाईट वाटतं. म्हणून निदान हॉटेल तरी असं शोधून द्यायचं की त्या माउलीला पुण्यात आल्यासारखं वाटेल, असं ठरवलं. तीन दिवस पायपीट केली. ती या आठवड्याच्या सदरात उतरवते, कारण सुट्टी तोंडावर आहे आणि असे फोन घरोघरी येत असणार.

पहिली अडचण शब्दाची. पेठेत कुणालाही "जवळ चांगलं हॉटेल कुठं आहे?" विचारा, तो तुम्हाला मिसळ खायला पाठवील. मराठीत हॉटेल म्हणजे खाण्याचं ठिकाण. राहण्याचं ते लॉज. पण लॉज या शब्दाला मधल्या काळात असा काही वास चिकटला, की बायकामुलांना घेऊन तिथं जायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं कपाळाला आठ्या घालतात. मग पाटीवर 'फॅमिली' हा शब्द आला. खरं तर जुनी पाटी किती स्वच्छ होती! 'बोर्डिंग आणि लॉजिंग'. इथं जेवायला मिळेल, इथं झोपायला मिळेल. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाऊस काढलं. परगावच्या माणसाला घरच्यासारखं जेवण आणि पाठ टेकायला जागा, हा या भागाचा जुना धंदा आहे. टिळक रोडवरच्या बादशाहीसारख्या जुन्या खानावळींच्या नावात अजून 'बोर्डिंग' आहे. तिथं ताट वाढतात, आणि पाहुण्यांना रात्रीचं जेवण कुठं द्यायचं हा प्रश्न निदान पेठेत तरी सुटलेला असतो.

खोल्यांचं मात्र तसं राहिलं नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथली रिकामी खोली आता स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडे जाते, 'कॉट बेसिस'वर. एका खोलीत चार कॉट, चार भाडी. तीन रात्रींच्या पाहुण्यापेक्षा बारा महिन्यांचा विद्यार्थी मालकाला परवडतो, आणि त्या पोरांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तीही कुणाच्या तरी घरातून डबा-गादी घेऊन निघालेली आहेत. पण त्यामुळं पेठेतल्या पेठेत राहण्याची खोली दुर्मिळ झाली. आणि मोबाइलवर शोधायला बसलं की समोर येतात ती सगळी महामार्गालगतची, आयटीवाल्यांसाठी बांधलेली काचेची हॉटेलं. फोटो झकास, दर कमी, आणि खाली एक ओळ, 'शहरापासून जवळ'.

कुठलं शहर? आणि किती वाजता जवळ?

बहिणीच्या नवऱ्यानं असंच एक शोधून ठेवलं होतं, बाणेरच्या पुढं. चौघांची खोली, रात्रीला १५०० रुपये. मला पेठेत सापडलेली खोली २२०० ची. "सातशे रुपये वाचतात हो ताई," तो म्हणाला. मी त्याला फोनवर हिशेब मांडायला लावला. माणसं पाच, त्यात तीन मोठी. रिक्षात तिघं बसतात, म्हणजे दोन रिक्षा. सप्टेंबर २०२२ ला पुण्यात ठरलेला मीटरचा दर धरा. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं दर किलोमीटरला १७. दहा किलोमीटरला एका रिक्षाचे १७०, दोन रिक्षांचे ३४०. सकाळी शहरात या, संध्याकाळी परत जा, झाले ६८०. वाचलेले सातशे तिथंच संपले. आणि दुपारी आजी दमल्या म्हणून एकदा खोलीवर जाऊन परत आलात, तर दिवसाचे १३६०. तेही मीटरनं येणारी रिक्षा मिळाली तर.

तो म्हणाला, "दुपारी कशाला परत जायचं? दिवसभर फिरूनच काढू."

इथंच आपल्या सगळ्या सहली बिघडतात. सहल सकाळी दहाला छान असते आणि संध्याकाळी सहालाही छान असते. बिघडते ती दुपारी दोन ते चार. पाच वर्षांचं पोर रस्त्यात फतकल मारतं, अकरा वर्षांची मुलगी गप्प होते, आजी "मला काही नाही" म्हणत पदरानं घाम पुसतात, आणि नवरा-बायको एकमेकांवर खेकसतात. पेठेला हे फार पूर्वीपासून कळलं होतं. एक ते चार दुकानं बंद असण्यावरून पुण्याची एवढी चेष्टा झाली, पण दुपारी माणसानं आडवं व्हावं यात चुकीचं काय आहे? जे दुकानदाराला लागतं ते बहात्तर वर्षांच्या बाईला लागणार नाही?

म्हणून माझी पहिली अट ही. दुपारी जेवून पंधरा मिनिटांत चालत ज्या खोलीवर पोचता येतं, ते सोयीचं हॉटेल. बाकी पोहण्याचा तलाव आणि सकाळचा फुकट नाश्ता नंतर बघू.

आणि सदाशिव पेठेत ही अट जितकी सहज पुरी होते तितकी पुण्यात दुसरीकडे होणं कठीण. पेरू गेटाच्या आसपास उतरा. कुमठेकर रस्त्यानं निघालात की विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा, लाकडी खांबांचा आणि कोरलेल्या सज्जाचा. तिथून पलीकडे तुळशीबाग. आत राममंदिर, बाहेर भातुकलीची पितळी भांडी, ज्यावरून कुठलीही मुलगी हलत नाही. बाजीराव रोडच्या दुसऱ्या अंगाला केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव फिरून गोळा केलेल्या वीस हजारांच्या आसपास वस्तू. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दौती. अकाली गेलेल्या लेकाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथं मोठ्या माणसाला दोन तास लागतात आणि लहान पोर पाऊण तासात कंटाळतं. खोली जवळ असली की एक जण पोराला घेऊन परत जाऊ शकतो आणि आजींना निवांत दिवे बघता येतात. खोली बाणेरला असली की सगळ्यांना त्या पोराच्या वेगानं संग्रहालय उरकावं लागतं.

शनिवारवाडा दुपारी दाखवू नका. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत आतून गेला. आता तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद. डोक्यावर छप्पर नाही. उन्हात पोरं विचारतात, "वाडा कुठाय?" चारनंतर जा, सावल्या लांब झाल्यावर. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मात्र भल्या सकाळी चढायच्या. आजींना सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बाकावर बसवायचं, बरोबर एकानं थांबायचं. हे सगळं जमतं ते पाठ टेकायला जागा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून.

गाडी आणू नका, हेही मी बजावून सांगितलं. बाजीराव रोड एकेरी, शिवाजी रोड एकेरी, लक्ष्मी रोड एकेरी. समोर दिसणाऱ्या हॉटेलच्या दारात पोचायला अर्ध्या पेठेला वळसा पडतो. शिवाय पार्किंगच्या पाट्या, पी-१ आणि पी-२, म्हणजे आज तारीख सम का विषम त्यावर रस्त्याची कुठली बाजू तुमची ते ठरतं. परगावच्या माणसाला हे रात्री बाराला आठवत नाही आणि सकाळी गाडी उचललेली असते. 'पार्किंग उपलब्ध' असं हॉटेलवाला म्हणाला तर विचारायचं, आवारात का रस्त्यावर? रस्त्यावर असेल तर ते उपलब्ध नाही.

आणि आता गाडीची गरजही कमी झाली. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मधे कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्थानकं. पुणे स्टेशनवर रेल्वेतून उतरलेल्या माणसानं मेट्रो धरावी, न्यायालयाला बदलावी आणि मंडईला वर यावं. तिथून पेठेतली खोली चालत. बार्शीची एसटी तर स्वारगेटलाच येते. ही मेट्रो आल्यापासून माझं एक मत बदललं. पूर्वी मी पेठेबाहेर राहा म्हणून कुणाला सांगितलं नसतं. आता पेठेत जागा नसेल तर स्वारगेटला राहा म्हणते. शनिवारवाड्यासाठी कसबा पेठ दुसरं स्थानक आहे. आगाखान पॅलेस दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्यावर. तिथंही न्यायालयाला बदलून रामवाडीच्या गाडीनं जवळ जाता येतं. गांधीजी जिथं कैदेत होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा जिथं गेल्या ती जागा पोरांना दाखवायलाच हवी, त्याला एक अख्खी सकाळ द्या.

आता खोलीचं बोलू. फोटोवर माझा विश्वास का नाही, ते सांगते. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन एका मोठ्या शहरात गेले होते. हॉटेल फोटो बघून ठरवलेलं. गाडी पहाटे साडेपाचला पोचली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, चेक-इन दुपारी दोनला. खोल्या रिकाम्या होत्या, किल्ल्या त्याच्या पाठीमागं लटकत होत्या. लवकर खोली हवी तर एका दिवसाचं भाडं जादा. पैसे भरते म्हटलं, तर वडील नको म्हणाले. साडेआठ तास ते त्या सोफ्यावर बसले. चपला काढून सोफ्याखाली नीट जोडून ठेवलेल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. एकदाही मागं टेकले नाहीत, कारण कुणी येऊन उठवील असं त्यांना वाटत होतं. त्या हॉटेलचं नाव लिहीत नाही. पण तेव्हापासून खोली ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते तो वेळेचा. चेकआउट बाराचं का चोवीस तासांचं? चोवीस तासांचं असेल तर पहाटे सहाला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सहापर्यंत राजा. रातराणीनं येणाऱ्या कुटुंबाला हाच फरक सगळ्यांत मोठा.

बार्शीकरांसाठी तीन जागा पाहिल्या. पहिलीच्या फोटोत मोठी खिडकी होती. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर पाइपांचं डक्ट, आणि खालून फोडणीचा वास. दुसरीकडे "लिफ्ट आहे ना?" विचारलं, "आहे." गेले तर लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते. रस्त्यापासून तिथंपर्यंत अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. मॅनेजरनं खोटं सांगितलं नव्हतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला अकरा पायऱ्या म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलंच नसणार. तुम्ही विचारा. रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, हा प्रश्न असाच्या असा विचारा.

तिसरी जागा जुन्या इमारतीत, बोळातून आत. तळमजल्यावर मागची खोली, चौकाकडे उघडणारी खिडकी, बाहेर तगर. काउंटरवर साठीचे काका, चष्मा कपाळावर.

"काका, गरम पाणी किती वेळ?"

"सहा ते नऊ. पण आजी आहेत म्हणताय ना, नंतर लागलं तर सांगा, बादली पाठवतो."

"संडास?"

"कमोड आहे. बघून घ्या."

बघितला. नळ सोडून उभी राहिले, पाणी कोमट व्हायला दीड मिनिट लागलं. पलंगावर बसले. गादी कडक, कापसाची, माझ्या मते चांगली. चादर नाकाशी धरली, उन्हात वाळलेली होती. काका दारात उभे राहून हे सगळं बघत होते आणि त्यांना त्याचा राग आला नाही, हे मला त्या खोलीबद्दल सर्वांत आवडलं.

मग पैसे. "२२०० म्हणजे सगळं धरून?" हा प्रश्न विचारायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. विचारल्यावर कळलं, पाचव्या माणसाची गादी ३०० जादा, आणि वर कर. कराचं नीट माहीत असू द्या. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. मग तिलाही १२ टक्के आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के झाला. म्हणजे आपल्या २५०० वर १२५. एकूण २६२५. कुणी अजून बारा टक्के लावत असेल तर पावतीवर बोट ठेवून विचारायचं. तीन रात्रींत तेवढ्यात पोरांच्या मस्तानीचे पैसे सुटतात.

एक गोष्ट अशी की जिच्यामुळं माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला रात्री नऊला दारातून परतावं लागलं. बऱ्याच ठिकाणी 'स्थानिक आधार कार्ड चालणार नाही' असा नियम असतो. बहिणीचा नवरा पूर्वी पिंपरीत नोकरीला होता, त्याच्या आधारवर अजून पिंपरीचाच पत्ता. राहतो बार्शीत, चार माणसांचं कुटुंब बरोबर, तरी काउंटरवरचा माणूस मान हलवतो. असा कुठला कायदा नाही. हॉटेलांनी आपापला केलेला नियम आहे, आणि म्हातारी माणसं नि लेकरं समोर उभी असताना तो दाखवणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. काकांना आधीच सांगून ठेवलं. "पोरं-आजी बरोबर आहेत ना? मग काय," म्हणाले. झेरॉक्स देताना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

आणि तारखा. लग्नाच्या मुहूर्तांना पेठेतल्या खोल्या वऱ्हाडी नेतात. गणपतीत यायचं असेल तर हौसेनं या, पण समजून या. विसर्जनाच्या मिरवणुका लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर या चारही रस्त्यांवरून जातात आणि चोवीस तासांच्या वर चालतात. तुमचं हॉटेल त्या चौकटीच्या आत असेल तर तुम्ही आत. बॅग घेऊन बाहेर पडायला रिक्षा मिळणार नाही, आणि रात्रभर ढोल खिडकीशी. मानाचे गणपती पाहायला त्याइतकी चांगली जागा नाही. पण आजारी माणूस बरोबर असेल तर ते दोन दिवस सोडून या.

खोली पक्की केली, आगाऊ पाचशे दिले, हातानं लिहिलेली पावती घेतली. संध्याकाळी बहिणीला फोन केला. तळमजला, कमोड, तगर, सगळं सांगितलं. पहिल्या रात्रीचं पिठलं-भाकरी माझ्याकडे, हेही. ती खूश. मग मागून सासूबाईंचा आवाज आला, "दे जरा इकडं." फोन हातोहात गेला.

"अगं, मोरीच्या दाराला आतून कडी लागते ना नीट?"

तीन जागा पाहिल्या, नळ सोडले, पायऱ्या मोजल्या, चादरी हुंगल्या. कडी पाहिली नव्हती. "बघून सांगते हं," म्हटलं आणि चप्पल घालून पुन्हा निघाले.

कडी होती. पण गंजून घट्ट बसलेली. माझ्या हातानं सरकेना, त्यांच्या तर सरकलीच नसती. काकांनी गल्ल्याखालून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, आणि चार वेळा लावून-काढून दाखवली. पाचव्यांदा मी स्वतः लावून पाहिली. मग तिथूनच बार्शीला फोन लावला.